रोग हल्याला, औषध पखालीला



होळी झाली. ऊन चढू लागले. आता आठ-पंधरा दिवसांत घरोघरी माळ्यावरचा कूलर खाली उतरेल, पंख्यावरची धूळ झटकली जाईल आणि थंडीत कोपऱ्यात पडून राहिलेल्या विजेच्या वस्तू एकदम कामाला लागतील. याच दिवसांत या सदराकडे सर्वांत जास्त पत्रे येतात. कुणाचा पंखा घुमतो पण फिरत नाही, कुणाचा फ्रीज चालतो पण पाणी गार करत नाही, कुणाची इस्त्री कधी तापते तर कधी रुसते. यंदाही पत्रांचा गठ्ठा आला आहे. पण आज एकाच पत्रावर बोलायचे आहे. ते पत्र नीट समजले, तर बाकीच्या पत्रांची उत्तरे आपली आपल्यालाच सापडतील.

पत्र फुलंब्री तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे. चार पाने भरून त्यांनी आपल्या मिक्सरची कथा लिहिली आहे. मिक्सर वाटता वाटता बंद पडला. मालकांनी तो पिशवीत घालून एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरला नेला. तिथे एका दुकानात सांगितले की मोटारीचे वाइंडिंग जळाले आहे. सातशे रुपये गेले, दोन खेपांचे भाडे गेले, दोन दिवसांचे शेतातले काम बुडाले. मिक्सर घरी आला, चार दिवस चालला आणि पुन्हा बंद पडला. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मिक्सर उलटा करून खालचे लाल बटन दाबले, तर लगेच चालू झाला! पण दोन दिवसांनी परत तेच. "भाऊ, आता नवा घ्यावा का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

चौथ्या पानाच्या अगदी शेवटी, सही करण्याआधी, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे. "कूलर काढला आहे. त्याला हात लावला की झिणझिण्या येतात, पण पायात चप्पल असली की येत नाहीत, म्हणून चप्पल घालूनच पाणी भरते."

बंधू-भगिनींनो, ती ओळ वाचली आणि मिक्सर मी विसरूनच गेलो. पत्रात फोन नंबर होता. त्याच मिनिटाला फोन लावला आणि म्हणालो, "ताई, आधी कूलरची पीन बोर्डातून काढा. मग आपण मिक्सरचे बोलू."

आपल्या मराठवाड्यात एक म्हण आहे. हल्याच्या पाठीवर पाण्याची कातडी पखाल असे. आजारी पडला हल्या आणि औषध दिले पखालीला, तर हल्या बरा कसा होणार? या ताईंच्या घरी तसेच घडले. मिक्सरचा रोग एकीकडे, औषध दिले मोटारीला. कूलरचा रोग एकीकडे, औषध दिले पायातल्या चपलेला. पहिल्या चुकीत सातशे रुपये गेले. दुसऱ्या चुकीत माणूस गेला असता.

पाणी कुठे अडले ते आधी पाहा

तुम्ही शेतात दारे धरता. शेवटच्या वाफ्यात पाणी आले नाही, तर तुम्ही तिथले पीक उपटून पाहता का? नाही. तुम्ही विहिरीपासून निघता. मोटार चालू आहे का, पाइप कुठे निसटला आहे का, दांड कुठे फुटला आहे का, हे पाहत पाहत वाफ्यापर्यंत येता. विजेचेही अगदी तसेच आहे. डीपीवरून मीटर, मीटरवरून बोर्ड, बोर्डावरून पीन, पिनेपासून वायर आणि वायरीतून वस्तूच्या पोटात असा तिचा रस्ता आहे. शोध नेहमी याच क्रमाने घ्यावा. वस्तूचे पोट सर्वांत शेवटी उघडायचे.

पहिली तपासणी सर्वांत सोपी. बंद पडलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या, चालत असलेल्या बोर्डावर लावून पाहा. तिथे चालली तर दोष बोर्डात. तिथेही नाही चालली तर दोष पीन, वायर किंवा वस्तूत.

इथे एक इशारा. हल्ली लोक बोर्ड तपासायला मोबाइलचा चार्जर लावतात. चार्जर चालला की म्हणतात, लाईट ठीक आहे. पण चार्जरवर बारीक अक्षरे वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे दाब निम्मा झाला तरी चार्जर तक्रार करणार नाही. एलईडी दिव्यांचेही बरेचसे असेच. जुना पिवळा बल्ब दाब कमी झाला की लालसर व्हायचा आणि घरातल्या म्हाताऱ्यालाही कळायचे. तो इशारा देणारा दिवा आता घरातून गेला आहे. म्हणून काही शे रुपयांचा एक मल्टीमीटर घरात असावा, निदान गल्लीत एक तरी असावा. त्याचा काटा किंवा आकडा एसी व्होल्टच्या मोठ्या पट्टीवर ठेवून बोर्ड पाहावा. घरातला दाब २३० व्होल्टच्या आसपास असायला हवा.

टेस्टरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. टेस्टर पेटला म्हणजे फेज आली एवढेच कळते. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच, पण पंखा फिरत नाही. पुष्कळ घरांत अशा वेळी चांगला पंखा खाली उतरवतात आणि दुकानात नेतात. दोष असतो बोर्डातल्या एका ढिल्या स्क्रूत.

वस्तू स्वतःच बोलते

डॉक्टर जसा आधी विचारतो, "कुठे दुखते, कधीपासून दुखते?" तसे वस्तूलाही विचारावे. तिची भाषा पाच प्रकारची असते.

पहिली, वस्तू अगदी मुकी असते. बटन दाबले तरी आवाज नाही, हालचाल नाही. अशा वेळी दहा वेळा सांगतो, आधी वायर पाहा. वायर जिथे सारखी वाकते तिथे तुटते, म्हणजे पिनेच्या तोंडाशी किंवा वस्तूच्या मानेशी. इस्त्री कधी तापते, कधी नाही, आणि वायर हलवली की दिवा लागतो, तर दोष त्या मानेतच. वरचे आवरण चांगले दिसते, आत तांब्याचे केस तुटलेले असतात. तेवढा तुकडा कापून वायर पुन्हा जोडली की काम होते. मात्र मधेच टेपने गाठ मारून जोड देऊ नये. इस्त्रीची वायर तापते आणि जोडही तापतो.

दुसरी, वस्तू घुमते पण फिरत नाही. असे दिसले की लगेच बटन बंद करा. अडकलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते आणि काही मिनिटांत जळते. तुमच्या विहिरीवरची मोटार एक फेज गेल्यावर जशी जळते तशीच. इथे कारणे तीनच असतात. काहीतरी अडकले आहे, दाब कमी आहे, किंवा कपॅसिटर गेला आहे. छताच्या साध्या पंख्याला २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. बटन बंद ठेवून पाते हाताने फिरवा. मोकळे फिरते का? मग चालू करून कोरड्या लाकडी काठीने खालून हलकेच ढकला. ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला पंखा फिरू लागला, तर कपॅसिटर गेला असे समजा. पंखा दरवर्षी थोडा थोडा मंद होत गेला असेल तरी बहुधा तोच म्हातारा झालेला असतो. नवा स्वस्तात मिळतो. जुना काढण्याआधी मेन बंद करावा आणि मुठीला प्लास्टिक असलेल्या पेचकसाने त्याची दोन्ही टोके एकमेकांना जोडावीत, कारण वीज बंद झाल्यावरही तो पोटात थोडी वीज धरून ठेवतो. रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यात मात्र असे नसते. त्यात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि ती जाणकारालाच दाखवावी.

तिसरी, वस्तू चालते पण काम करत नाही. मिक्सरची मोटार गरगर फिरते पण पाते फिरत नाही, तर वरचा किंवा भांड्याखालचा कपलर झिजला. कूलरचा पंखा चालतो पण गवत कोरडेच राहते, तर पंपात क्षार साचले. आपल्याकडे बोअरचे पाणी जड, त्यामुळे पंप, गिझर, रॉड या सगळ्यांवर पांढरा थर बसतो. पीन काढून पंप उघडावा, आतली चकती जुन्या ब्रशने घासावी. पंप कोरडा चालू ठेवू नये, तो पाण्यानेच थंड राहतो. फ्रीज चालू आहे पण गार करत नाही, तर दाराच्या रबरात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. अलगद निघाला तर रबर सैल झाले आहे, थंडी तिथून पळते. मागची जाळी धुळीने भरली असेल तर पीन काढून ब्रशने झाडावी, आणि फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये.

चौथी, पीन लावली की एमसीबी पडतो किंवा फ्यूज उडतो. पीन काढल्यावर एमसीबी टिकत असेल तर दोष त्या वस्तूत किंवा तिच्या वायरीत आहे. टिकत नसेल तर घराच्या वायरिंगमध्ये. एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नये. आणि जुन्या फ्यूजमध्ये जाड तार किंवा खिळा तर कधीच घालू नये. चोर आला म्हणून कुत्रा भुंकतो, आणि आपण कुत्र्याचेच तोंड बांधतो, असा तो प्रकार आहे.

पाचवी भाषा झिणझिण्यांची. तिच्याकडे शेवटी येतो.

मिक्सरचा खरा रोग

आता ताईंचा मिक्सर. खालचे लाल बटन हे मिक्सरचे रक्षक आहे. मोटारीवर ताण आला की ते बाहेर पडते आणि वीज तोडते. चार-पाच मिनिटे थंड होऊ द्यावे, दाबावे, मिक्सर चालू होतो. पण बटन पुन्हा पुन्हा पडत असेल, तर प्रश्न असा विचारायचा की ताण कशाचा?

फोनवर मी ताईंना म्हणालो, "भांडे काढून नुसता मिक्सर चालवा." छान चालला. "आता पीन काढा, आणि भांड्याखालचा कपलर हाताने फिरवा." त्या म्हणाल्या, "भाऊ, फिरतच नाही, जोर लावावा लागतो." झाले! भांड्याच्या तळाला पात्याचा जो दांडा असतो, तो एका बुशात फिरतो. त्यात पाणी आणि वाटण झिरपून गंज चढला होता. मोटार बिचारी सगळा जोर लावत होती आणि थकून बटन पाडत होती. त्यात संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी गावात दाबही कमी. रोग भांड्याच्या बुशात आणि औषध मिळाले मोटारीला.

मिक्सर कुठे बिघडतो हे लक्षात ठेवायला सोपे आहे. भांड्याशिवाय चालतो, भांडे लावले की अडतो, तर दोष भांड्यात. भांड्याशिवायही खालून जास्त ठिणग्या उडतात, हलवला की चालतो, हलवला की थांबतो, तर कार्बन झिजले. वार्निश जळल्याचा उग्र वास येतो आणि धूर निघतो, तेव्हाच वाइंडिंगचा संशय घ्यावा. काही मिक्सर भांडे नीट बसल्याशिवाय चालतच नाहीत, हेही ध्यानात असावे.

ताईंनी भांड्याचे बुश आणि पाते बदलून घेतले. मिक्सर नवा घ्यावा लागला नाही.

थोडे गणित, पुष्कळ उपयोगाचे

इस्त्री, पाण्यातला रॉड, गिझर या तापणाऱ्या वस्तू तपासणे सर्वांत सोपे. मल्टीमीटर ओहमच्या पट्टीवर ठेवा. वस्तूची पीन बोर्डातून काढलेली हवी, हे पुन्हा सांगतो. ओहमची पट्टी कधीही चालू बोर्डाला लावू नये. वस्तूचे बटन चालू स्थितीत ठेवून पिनेच्या दोन बारीक पायांना मीटर लावा. किती आकडा यायला हवा? २३० गुणिले २३०, भागिले वस्तूवर लिहिलेले वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीला सुमारे ५३ ओहम, दीड हजार वॅटच्या रॉडला सुमारे ३५. तेवढा आकडा आला तर तार शाबूत. काहीच आले नाही तर वायर, बटन, थर्मोस्टॅट किंवा आतली तार यांपैकी कुठेतरी तुटले आहे. अगदी शून्याजवळ आले तर शॉर्ट.

मग मीटरचे एक टोक बारीक पायाला आणि दुसरे वरच्या जाड पायाला लावा. इथे काहीच आकडा यायला नको. आला, तर वीज वस्तूच्या अंगावर उतरते आहे. ती वस्तू त्याच क्षणी बाजूला ठेवावी. आकडा आला नाही म्हणजे वस्तू पूर्ण निर्दोष असेही नाही. बारीक गळती मल्टीमीटरला दिसत नाही, त्यासाठी वीजतंत्र्याकडे मेगर नावाचे यंत्र असते.

दाब कमी, दाब जास्त

दाब कमी झाला की मोटारीच्या सर्व वस्तू घुमतात आणि तापतात. फ्रीज दर काही मिनिटांनी "हूं" करतो आणि "टक" होऊन बंद पडतो, असे असेल तर गॅस संपला म्हणण्याआधी दाब मोजा. दाब खरोखर कमी निघाला तर फ्रीज तेवढा वेळ बंद ठेवावा. दाब बरोबर असूनही तसेच होत असेल, तर कॉम्प्रेसरजवळचा रिले किंवा कॉम्प्रेसर पाहायला कारागीर बोलवावा.

याहून भयंकर म्हणजे न्यूट्रल ढिली होणे. घरातला एक दिवा एकदम लख्ख आणि दुसरा मंद, पंखा अचानक सुसाट, टीव्हीमागून वास, असे दिसले की आधी मेन बंद करावा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटली, तर २३० च्या जागी चारशे व्होल्टच्या जवळपास दाब घरात शिरू शकतो आणि दहा घरांच्या वस्तू एका मिनिटात जळतात. हे काम आपले नाही, खांबावर कुणी चढू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि शेजाऱ्यांनाही मेन बंद करायला सांगावे.

काय उघडू नये

घरचा कारागीर होणे चांगले, पण मर्यादा ओळखणारा कारागीर व्हावे. जुना नळीचा टीव्ही पीन काढल्यावरही आत हजारो व्होल्ट धरून ठेवू शकतो. मायक्रोवेव्हचेही तसेच. ही दोन पोटे उघडू नयेत. फ्रीजच्या गॅसचे काम घरी करू नये. नव्या पुष्कळ फ्रीजवर आर-६००-ए असे लिहिलेले असते, तो गॅस पेट घेणारा आहे. आणि वस्तू वॉरंटीत असेल तर सील तोडू नये, बिल आणि कार्ड डब्यात जपून ठेवावे. वॉरंटी असून दाद मिळत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत टीव्ही, फ्रीज, धुण्याचे यंत्र आले ते याच नावाचे. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कायदेशीर कारवाई सुरू झाली. त्या वस्तू मात्र कितीतरी घरांत त्यानंतरही चालत राहिल्या. कंपनी लांबची असो की शेजारची, घरातल्या वस्तूचे आयुष्य कधी कधी कंपनीपेक्षा मोठे असते. म्हणून आपली वस्तू आपल्याला ओळखता आली पाहिजे. मोठे काम असेल तर आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम केलेला मुलगा आपल्या पंचक्रोशीत शोधावा. त्याच्यासमोर बसून, काय बदलले ते विचारावे आणि जुना भाग परत मागून घ्यावा. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

आता कूलर

ताईंच्या मालकांना मी फोनवर विचारले, "कूलरच्या पिनेला पाय किती?" ते म्हणाले, "दोन. वरचा जाडा पाय बोर्डात बसत नव्हता म्हणून कापला." मग पंपाची वायर पाहायला सांगितली. टाकीच्या पत्र्याच्या कडेवर घासून घासून तिचे आवरण सोलले होते. तांबे पत्र्याला टेकत होते. कूलरचे सगळे अंग विजेने भरलेले होते आणि त्या विजेला जमिनीत जायला वाट ठेवलेली नव्हती.

तो वरचा जाड, लांब पाय शोभेचा नाही. तो अर्थिंगचा. वस्तूच्या अंगावर वीज उतरली तर त्या वाटेने ती जमिनीत जाते. ती वाट कापली की वीज दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे कूलरला हात लावणारा माणूस. रबरी चप्पल घातली की माणसातून जाणारी वाट बंद होते, म्हणून झिणझिण्या येत नाहीत. पण वीज कूलरवर तशीच बसलेली असते. न्हाऊन ओल्या पायांनी येणारे पोर चप्पल घालत नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या कितीतरी घरांत आदल्या दिवशी झिणझिण्या आलेल्या असणार.

पुष्कळांना वाटते, एमसीबी आहे ना, तो पडेल. घरातला एमसीबी ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो. माणसाच्या अंगातून ०.०३ अँपिअरहून जास्त प्रवाह काही क्षण गेला तरी हृदय बंद पडू शकते. एमसीबीला तो कळतही नाही. एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. गेलेली वीज पूर्ण परत आली नाही की ते क्षणात मेन तोडते. त्यावर तपासणीचे छोटे बटन असते, महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबले की ते पडले पाहिजे. एका मिक्सरच्या दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे लागतील, पण घरात याहून मोलाची वस्तू नाही.

कूलर लावण्याआधी ही कामे करावीत.

पीन तीन पायांचीच हवी आणि बोर्डही तीन छिद्रांचा. पिनेच्या वायरीत तपकिरी रंगाची तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची. हिरवी-पिवळी वरच्या जाड पायाला आणि दुसरे टोक कूलरच्या पत्र्याला घट्ट हवे.

बोर्डाच्या वरच्या छिद्रामागे अर्थिंगची तार खरोखर आहे का, ते वायरमनकडून पाहून घ्यावे. काही ठिकाणी अर्थिंग नसते म्हणून न्यूट्रलचाच तुकडा तिथे जोडून देतात. हा विषारी उपाय आहे. न्यूट्रल तुटली की वस्तूचे सर्व अंग फेज होते.

घराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात अडीच मीटरचा जस्ती पाइप असतो, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंग दुबळी होते. म्हणजे कूलर लागतो त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत कमजोर. आठवड्यातून दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात घालावे. तुळशीला घालता तसेच.

कूलरमध्ये पाणी भरताना पीन काढावी. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. बटन चुकून न्यूट्रलवर लागलेले असेल तर बंद असतानाही वस्तूत फेज राहते. पाण्यातल्या रॉडचेही तेच. रॉड चालू असताना पाणी तापले का म्हणून बोट घालू नये.

आणि देव न करो, पण कुणी चिकटले तर धावत जाऊन त्याला धरू नये. आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. मग १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, वेगाने दाबत राहावे, थांबू नये.

ताईंनी पंपाची वायर बदलली, तीन पायांची पीन लावली, अर्थिंगचा नवा पाइप ठोकला. मालकांनी आरसीसीबी बसवून घेतला. बसवला त्या दिवशी तो सारखा पडू लागला. त्यांना वाटले, खराब निघाला. वायरमनने एकेक वस्तू काढत शोध घेतला, तर न्हाणीघरातला पाण्याचा रॉड गळका निघाला. त्याची तर कुणी तक्रारही केली नव्हती.

पुढच्या पत्रात ताईंनी लिहिले आहे, "भाऊ, आता अनवाणी पायाने पाणी भरते, काही होत नाही." त्यांना मी कळवले आहे, "ताई, काही होत नाही ते ठीक. तरी पीन काढूनच पाणी भरा, आणि चप्पलही राहू द्या."

तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूला झिणझिण्या येतात का? असतील तर आज संध्याकाळपर्यंत ती पीन काढून ठेवा. दुरुस्ती उद्या झाली तरी चालेल. आणि पत्र लिहाल तेव्हा झिणझिण्यांची गोष्ट पहिल्या ओळीत लिहा, मिक्सरची चार पाने मागून येऊ द्या.